गाठीमागची मोजदाद

घरातलं मूल "डॉक्टर व्हायचंय" म्हणालं की माधवगंजातल्या कुठल्याही घरात एकच चित्र उभं राहतं: दवाखाना, बाहेर बाक, आत स्टेथोस्कोप. आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्यांना यातलं फारसं काही लागत नाही. ते कर्करोगाचे साथरोगतज्ज्ञ. नाव जरा फसवंच आहे, कारण कर्करोग काही साथीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण रोग कुणाला होतो, कुठे होतो आणि शेजारच्याला का होत नाही, हे शोधण्याची रीत साथींच्या अभ्यासातून आली, म्हणून नाव तेच राहिलं.

सुरुवात मोजण्यापासून होते. आपल्या देशात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. भोपाळची १९८८ची. मला मात्र १९८७ची बार्शीची नोंदणी जास्त मोलाची वाटते. शहरात रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या की बहुतेक रुग्ण सापडतात. खेड्यातली पुष्कळ माणसं तर रुग्णालयापर्यंत पोचतच नसत. मग बार्शी, परांडा, भूमच्या गावांत कार्यकर्तेच गेले, लोकांशी बोलले, लक्षणं संशयास्पद वाटली त्यांना तपासणीला आणलं. डॉ. भगवान नेने यांच्या बार्शीच्या रुग्णालयाने हे काम उभं केलं.

दोन वह्या शेजारी ठेवल्यावर दिसलं, की स्तनाचा कर्करोग मुंबईत बार्शीपेक्षा कितीतरी जास्त. मुंबईतही पारशी स्त्रियांमध्ये अधिक. का? याचा धागा जुना आहे. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० स्त्रियांना तेच प्रश्न विचारले: लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं. उशिरा लग्न आणि कमी मुलं असणाऱ्यांत रोग जास्त निघाला. म्हणून कुणी लगेच मुलींच्या शिक्षणाला बोल लावू नये! कारण समजणं वेगळं आणि दोष देणं वेगळं.

लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, म्हणजे लिम्फोमाची, गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण हा एक रोग नाही. त्याचे कितीतरी प्रकार आहेत. त्यातला एक युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यात दिसे. डेनिस बर्किट नावाचा शल्यचिकित्सक १९६१ साली दोन सहकाऱ्यांबरोबर जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे दहा हजार मैल हिंडला आणि रुग्णालयोरुग्णाली विचारत नकाशा भरत गेला. रोग उष्ण, पावसाळी, मलेरियाच्या पट्ट्यातच होता. पुढे १९६४ मध्ये त्या गाठींच्या पेशींत एक विषाणू सापडला.

परत मुंबईला येऊ. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ साली एक साधा प्रश्न घेतला. मॅमोग्राफीचं यंत्र सगळीकडे नेता येत नाही. मग प्रशिक्षित आरोग्यसेविकेने नुसत्या हातांनी तपासलं तर जीव वाचतील का? झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. उत्तर मिळायला २० वर्षं वाट पाहिली आणि २०२१ मध्ये निकाल छापला. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मृत्यूंत फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. वीस वर्षं घालवून "इथे उपयोग दिसला नाही" असं लिहायला मोठं मन लागतं. (हा हिशोब काही त्रास नसलेल्यांच्या तपासणीचा. गाठ हाताला लागली असेल तर वय कुठलंही असो, डॉक्टरांना दाखवायचीच.)

हे सगळं उभं राहतं खऱ्या उत्तरांवर, आणि तिथे आपली घरं कच्ची. "आजी कशाने गेली?" "पोटाच्या विकाराने." मुलीच्या लग्नात अडचण नको, म्हणून आत्याचं ऑपरेशन कुणाला सांगायचं नाही! खरं तर स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरातल्या पाच-दहाच रुग्णांत तो आनुवंशिक दोषातून येतो. पण त्या घरांना ते वेळीच कळणं जीवनमरणाचं असतं, आणि त्यात आईकडचं जितकं महत्त्वाचं तितकंच वडिलांकडचंही. आपली कुटुंबं लष्करातून इंदूर, पुणे, पार अमेरिकेपर्यंत पांगली आहेत. आता डॉक्टरांनी फॉर्मवर विचारलं, की पोरं फोन लावतात आणि पलीकडून उत्तर येतं, "कशाला ते आता?"

गणित आवडणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. या कामाला सगळे एमबीबीएसच लागतात असं नाही. संख्याशास्त्र शिकलेल्यांचीही तितकीच गरज असते, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचं या विषयाला वाहिलेलं स्वतंत्र केंद्रच आहे.