परसबाग : वालावरील मावा

वालाच्या कोंवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसतांच पुष्कळ घरीं जहाल औषध आणलें जातें. परंतु त्याच वेलाच्या शेंगा दुसरे दिवशीं मुलांच्या पानांत पडावयाच्या असतात, हें विसरून चालणार नाहीं. प्रथम तयार शेंगा तोडून घ्याव्या व फार माखलेले शेंडे खुडून टाकावे. ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून तें पाणी गाळावें, किंचित् साबण मिसळावा आणि सायंकाळीं पानांच्या खालच्या बाजूसही शिंपडावें. आठवड्यानें पुन्हां पाहावें. मुंग्यांची रांग मोडावी. माव्याच्या गोड स्रावासाठीं त्या त्याचें रक्षण करितात. मात्र ठिपकेदार लाल ढालकिडे व त्यांच्या करड्या अळ्या यांस मारूं नये. मावा हेंच त्यांचें अन्न. हा शत्रुमित्रभेद मुलांना वेलाजवळ उभें करून एकदां अवश्य दाखवावा.