आजीच्या थेंबांचे स्टिकर

दुकानात मिळणारा प्लॅनर-स्टिकरचा तयार संच कधी नीट वाचून पाहिलात का? ‘जिम’, ‘लाँड्री’, ‘मूव्ही नाइट’! शिवाय एक कॉफीचा कप. आता तुमचा आठवडा आठवा. सोमवारी गणिताचा क्लास, गुरुवारी प्रयोगवही, शनिवारी ढोलाचा सराव. आणि आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, तर तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब. यातलं काही त्या संचात सापडतं का? नाव नको! मग आपले स्टिकर आपणच केलेले बरे.

त्यासाठी घरगुती कटिंग मशीन मिळतं. क्रिकट आणि सिल्हूट कॅमिओ ही त्यातली दोन प्रसिद्ध नावं. दिसायला प्रिंटरसारखंच, पण आत शाईऐवजी एक चिमुकलं पातं. किंमत मात्र हजारांच्या घरात, तेव्हा घरी हट्ट धरून बसू नका हं! ओळखीत कुणाकडे असेल तर एक दुपार मागून घ्या. नसेल तरी पुढे वाचा, तुमचीही सोय आहे.

आपण थेंबांचेच स्टिकर करू. थेंब घातले की त्या दिवसाच्या चौकोनात एक स्टिकर लावायचा. चुकला की जागा रिकामी दिसणारच, मग ‘मी घातले होते’, ‘नव्हते घातले’ ही भांडणं नकोत.

पहिलं हत्यार फूटपट्टी. अमेरिकेतल्या बऱ्याच प्लॅनरांत दिवसाचा रकाना दीड इंच रुंद असतो. तयार स्टिकर त्या मापाचे, आणि आपली डायरी वेगळीच! म्हणून आधी आपला चौकोन मोजा, मग स्टिकर ठरवा. समजा, १२ मिलिमीटरचे गोल घेतले आणि मधली फट धरून एकेकाला १५ मिलिमीटर जागा दिली, तर ए-४ कागदावर कडा सोडून १० उभ्या आणि १४ आडव्या ओळी, म्हणजे १४० गोल मावतात. रोज ४ याप्रमाणे २८ दिवसांना ११२ लागतील. उरलेले २८ फाटायला, हरवायला आणि धाकट्या भावाला!

सकाळचा पिवळा, दुपारचा केशरी, संध्याकाळचा गुलाबी, रात्रीचा निळा. कागद चकचकीत नको, मॅट स्टिकर पेपर घ्या. त्यावर पेननं वेळही लिहिता येते, आणि मशीनलाही खुणा नीट दिसतात. कसल्या खुणा? कागदावर चित्रांबरोबर काळ्या खुणाही छापल्या जातात. क्रिकट चित्रांभोवती काळी चौकट छापतं, सिल्हूट कोपऱ्यांत खुणा करतं. त्या पाहून मशीनला कळतं की चित्र कुठे आहे. म्हणून छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. नाहीतर छपाई आक्रसते आणि पातं भलतीकडेच फिरतं.

आता खरी गंमत. स्टिकर पेपर म्हणजे वर कागद, मध्ये गोंद, खाली गुळगुळीत पाठकागद. पात्यानं फक्त वरचा थर कापायचा, पाठकागदाला धक्का लावायचा नाही. म्हणून कागद चिकट मॅटवर लावा आणि आधी कोपऱ्यात एकच छोटा चौकोन कापून बघा. नखानं सोलताना कडा फाटली तर दाब कमी पडला, पाठीमागे रेघ उमटली तर जास्त झाला. एकेक घर वरखाली करा. ही पाच मिनिटं वाचवायला गेलात तर अख्खा कागद वाया जातो.

मराठी अक्षरांची एक गोम आहे बरं का. ‘सकाळ’ गोलात छापलं तर काही अडचण नाही, कारण पातं गोलाभोवतीच फिरतं. पण रंगीत व्हिनाइलमधून ‘सकाळ’ हीच अक्षरं कापायची असतील, तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे प्रत्येक अक्षर सुटं कापलं जातं आणि शब्दाचे तुकडे होतात. आधी सॉफ्टवेअरमधल्या ‘वेल्ड’ आज्ञेनं सगळा शब्द एकसंध करा. ‘संध्याकाळ’वरचा अनुस्वार मात्र सुटाच राहतो, आणि हमखास हरवतोही!

मशीन नसणाऱ्यांनी गोल सोडून चौकोन आखावेत. स्टीलची पट्टी, पेपर कटर आणि हलका हात, जवळ घरातलं मोठं माणूस. इथेही वरचाच थर कापायचा. सरळ रेघा असल्यानं २२ काप दिले की १४० चौकोन सुटे होतात, बाहेरच्या चार कडा वेगळ्या.

मॅटवरून कागद काढताना कागद ओढू नका, त्याची सुरळी होते. मॅट पालथी घालून कागद टेबलावर सपाट दाबून ठेवा आणि मॅटच हळूच वाकवत वर उचला. मग तो कागद घडी न घालता प्लॅनरच्या मागच्या कव्हरात सरकवा, आणि थेंबांची बाटली जिथे असेल तिथेच प्लॅनर ठेवा.