भिंत पाणी अडवते, विषमता नाही

पूर आला की एक वाक्य हमखास ऐकू येते, 'निसर्गापुढे सगळे सारखेच.' ऐकायला समतेचे वाटते, पण ते खोटे आहे. पाणी जात आणि वर्ण पाहत नाही, हे खरे. पण बांध किती मजबूत बांधायचा, बाहेर कोणाला काढायचे आणि नंतर भरपाई कोणाला किती द्यायची, हे पाणी ठरवत नाही. ते माणसे ठरवतात.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर पाहा. त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळ आले, पूररोधक भिंती फुटल्या आणि सुमारे 80 टक्के शहर बुडाले. हजाराहून अधिक लोक मेले. काही कालव्यांच्या भिंती तर पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळल्या. त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाला पुढे आपल्या आराखड्यातील चूक मान्य करावी लागली. मग याला निसर्गाचा कोप कसे म्हणायचे?

आदल्या दिवशी शहर सोडण्याचा आदेश निघाला. पण सुमारे एक लाख लोकांकडे गाडीच नव्हती. त्यांत बहुसंख्य गरीब आणि कृष्णवर्णीय होते. काही जण पूल ओलांडून शेजारच्या ग्रेटना शहराकडे चालत निघाले, तर तिथल्या पोलिसांनी बंदुका दाखवून त्यांना मागे फिरवले. गावकुसाबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

खरा अन्याय पाणी ओसरल्यावर झाला. घरे पुन्हा उभारण्यासाठी 'रोड होम' नावाची सरकारी योजना आली. तिचा नियम असा होता: घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी, तिच्या आधारे अनुदान. नियमात वर्णाचा उल्लेखही नाही! पण समजा, दोन घरे सारखीच, नुकसानही सारखेच; एक गोऱ्या वस्तीत, दुसरे काळ्या वस्तीत. पिढ्यानपिढ्यांच्या भेदभावाने दुसऱ्या घराची किंमत आधीच पाडलेली. म्हणून त्याला अनुदानही कमी. 2008 मध्ये लोक न्यायालयात गेले, 2011 मध्ये तडजोड झाली. तोवर अनेकांचे परतीचे दोर कापले गेले होते. लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत आजही कित्येक भूखंड ओसाड आहेत.

त्यानंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी संरक्षक व्यवस्था उभी राहिली. 2021 मध्ये, नेमक्या 29 ऑगस्टलाच, आयडा वादळ आले आणि ती टिकली. चांगलेच झाले. आमचा विरोध अभियांत्रिकीला नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या पूरनियंत्रणाची योजना पुढे नेणारे बाबासाहेबच होते. पण भिंत हे अर्धेच संरक्षण आहे. उरलेले अर्धे कायद्यात आणि भरपाईच्या नियमात असते.

आणि आपण? त्याच वर्षी, कॅटरिनाच्या महिनाभर आधी, 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीत भराव कोणी टाकला, विमानतळाची धावपट्टी नदीवर कोणी नेली, हे बाजूला राहिले आणि बोट झोपड्यांकडे वळले. तिथे घराची किंमत आडवी आली, इथे कागदावरची तारीख येते. ठरावीक तारखेआधीचा पुरावा असेल तर पात्र, नाहीतर अपात्र. आणि तो पुरावाच पुरात वाहून गेला असेल तर?

म्हणून समुद्रकाठच्या शहरांसाठी आराखडे बनतील तेव्हा आपण तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. गाडी नसलेल्याला बाहेर कोण काढणार? भरपाई घराच्या किमतीवर ठरणार की माणसाच्या गरजेवर? आणि आराखडा ठरवणाऱ्या टेबलाशी सखल वस्तीतला माणूस असणार की नाही?

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात प्रत्येक मताचे मूल्य समान असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात प्रत्येक माणसाचे मूल्य समान मानणे आपण नाकारत राहू. ती विसंगती पुरात सर्वांत आधी वर येते. जोवर माणसाचे मूल्य समान नाही, तोवर भिंत कितीही उंच बांधा, तिच्या आतही कोणीतरी बुडतच राहील.

जय भीम!