हांकेच्या अंतरावर

गेल्या मार्गशीर्षांत एका कार्यानिमित्त आम्हांस मुंबईहून सावंतवाडीस जाण्याचा योग आला. निघतेवेळीं आमच्या पुतण्यानें आपले बिनतारी हेडफोन आमच्या हातीं ठेविले. ‘बिनतारी’ म्हटलें कीं आमच्या आजोबांच्या पिढीस रेडिओ आठवे. हें प्रकरण निराळें आहे. कानांवर दोन मऊ गाद्या बसवावयाच्या, कडेची कळ दाबावयाची, कीं भोंवतालचा गोंगाट पडदा ओढल्याप्रमाणें मागें सरतो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे येथील साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो. खिडक्या उघड्या असल्या तर त्यांत शेजाऱ्याशीं बोलणेंही अशक्य होतें. त्या बोगद्यांत आम्हीं बेताच्या आवाजांत विलंबित ख्याल ऐकिला, आणि गांवीं उतरलों तेव्हां डोकें जड झालेलें नव्हतें. प्रवासाला हें साधन उत्तम, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

यांतील युक्ति तशी जुनी आहे. ध्वनि म्हणजे हवेंतील लाट. तिच्या उंचवट्यावर दुसऱ्या लाटेचा खळगा बरोबर आणून बसविला तर दोन्ही एकमेकींस गिळतात व उरते ती शांतता. पॉल ल्यूग या जर्मन गृहस्थास या कल्पनेचें पेटंट अमेरिकेंत १९३६ सालीं मिळालें. परंतु ती कानांपर्यंत आणण्याचें मुख्य श्रेय अमर बोस यांस दिलें जातें. बोस हे बंगालमधून अमेरिकेस गेलेल्या एका देशभक्ताचे चिरंजीव व तेथील एम. आय. टी. मध्यें प्राध्यापक. १९७८ सालीं झुरिकहून घरीं परततांना विमानाच्या घरघरीपुढें गाणें धड ऐकूं येईना, तेव्हां त्यांनीं विमानांतच गणित मांडावयास घेतलें. वैमानिकांसाठीं तसे हेडफोन १९८९ सालीं विक्रीस आले, सामान्य प्रवाशांच्या हातीं पडावयास २००० साल उजाडलें. हेडफोनांत बसविलेले बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आंतील यंत्र तत्क्षणीं त्याची उलटी लाट निर्माण करतें, असा हा कारभार आहे.

मात्र हें यंत्र सर्वभक्षक नव्हे. इंजिनाची घरघर, चाकांचा घोष, पंख्याची भणभण, असे खालच्या पट्टींतले व एकसारखे आवाज तें आवडीनें खातें. अचानक उठणारा, वरच्या पट्टींतला, टोकदार आवाज त्याच्या हातून निसटतो. बोगद्याबाहेर पडतांच चहावाल्याची आरोळी आम्हांस स्वच्छ ऐकूं आली, व आमचा चहा चुकला नाहीं! घरीं एकदां आमच्या वहिनी रियाजास बसल्या असतां आम्हीं हे हेडफोन नुसतेच कानांवर चढविले. तंबोऱ्याची खर्जाची तार जणू कोणी काढून नेली होती. वर उरली ती पातळ झणझण. वहिनींस तें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “भावोजी, पैसे देऊन खर्ज घालवायचा म्हणजे कमालच झाली.”

प्रवासाहून परतल्यावर आम्हीं स्वतःसाठीं एक जोड घेतला. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. दुपारीं तासभर स्वस्थ गाणें ऐकावें ही इच्छा गेली कित्येक वर्षें मनांतच होती. ती पुरी झाली, आणि तिसऱ्याच आठवड्यांत जें घडलें तें लिहिण्यास संकोच वाटतो.

आमच्या थोरल्या काकू ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या दुपारीं न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं त्यांचा पाय घसरला. घरांत आम्ही एकटेच, मधल्या खोलींत, दार लोटलेलें. वहिनी बाजारांतून आल्या तेव्हां काकू भिंतीस टेकून खालीं बसल्या होत्या; मनगट सुजलें होतें. पाऊण तास तरी झाला असावा. पुढें हाड सांधलें, पण तें येथें महत्त्वाचें नाहीं. आम्हीं विचारिलें, “काकू, हांक कां नाहीं मारलीत?” त्या म्हणाल्या, “मारली रे दोन-तीनदां. मग म्हटलं, गाणं ऐकत असशील, तंद्री कशाला मोडा?”

आरोळी ऐकूं येते आणि हांक ऐकूं येत नाहीं, हें कसें? विचार करतां कारण सांपडलें. बंद दाराआडून, भिंतीआडून येणाऱ्या हांकेचा टोकदार भाग दार-भिंतींतच जिरतो. आंत पोंचतो तो खालच्या पट्टींतला अस्पष्ट गुंजारव, आणि नेमकें तेंच या यंत्राचें आवडतें भक्ष्य. त्यांत म्हाताऱ्या माणसाचा आवाज मुळांतच क्षीण.

आमच्या कांहीं भगिनी-वाचकांनीं हे हेडफोन घ्यावेत किंवा कसें, असें विचारिलें आहे. आम्ही घेऊं नका असें म्हणणार नाहीं. गोंगाट नसला म्हणजे माणूस आवाज चढवीत नाहीं, आणि कानांचा बचाव होतो, हा लाभ मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यांत ४० तास सोसतो, ९० डेसिबेलचा अवघे ४ तास. लोकलच्या खडखडाटावर मात करावयास साधे हेडफोन चढविणाऱ्या तरुणांनीं हा हिशेब पाहावा. रात्रीं नातवंडें निजल्यावर आजोबांस मैफल ऐकावयाची असेल तर याहून सोईचें कांहीं नाहीं. रस्ता ओलांडतांना किंवा रूळांजवळ मात्र ते गळ्यांतच असावेत. बिनतारी ध्वनि किंचित् उशिरानें पोंचतो, म्हणून गातां-वाजवितांना त्यांवर विसंबूं नये, हेंही जातां जातां सांगतों.

बहुतेक जोडांत बाहेरचा आवाज मुद्दाम आंत घेणारी दुसरी कळ असते. घरांत आम्ही आतां तीच चालू ठेवितों. पंख्याची भणभण ऐकूं येते, ती येवो. घरीं दुसरें मोठें माणूस नसेल तर हेडफोन कपाटांत. खोलीचें दार लोटणें बंद केलें आहे. काकूंच्या उशाशीं देवघरांतील जुनी पितळी घंटा आणून ठेविली, आणि त्यांच्या देखत सगळ्या कळा फिरवून, गाणें लावून, ती तीन ठिकाणांहून वाजवून पाहिली. तिन्ही वेळीं ऐकूं आली.

काकूंनीं ती अद्याप एकदांही वाजविलेली नाहीं. हांकच मारतात.