पॅलाडिनाचें व्रत

फासे टाकून व कथा रचून खेळावयाचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ पुष्कळ पालकांस केवळ राक्षसांचा पोरखेळ वाटतो. आमचें मत तसें नाहीं. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक गडी एकेक पात्र घेतो आणि एक जण पंच होऊन बाकीच्या जगाचा कारभार पाहतो. पात्रांचे वर्ग ठरलेले असतात. त्यांपैकीं पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, हा वर्ग १९७५ सालच्या पुरवणींत प्रथम आला; आणि त्याच्या नियमांवरून खेळणाऱ्यांत आजही तंटे होतात.

१९७८ सालच्या ग्रंथांत हें व्रत फार कडक होतें. पॅलाडिन होण्यास व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव किमान १७ गुणांचा लागे. तीन फासे सरळ टाकले तर १७ किंवा १८ पडण्याचा योग २१६ मध्यें ४ वेळां, म्हणजे ५४ मध्यें एकदां येतो. शिवाय त्यानें मिळकतीचा दशांश धर्मादाय द्यावा, जादूच्या दहांहून अधिक वस्तु जवळ बाळगूं नयेत, असे निर्बंध असत. त्याच्या मोबदल्यांत त्यास हस्तस्पर्शानें जखमा बऱ्या करण्याचें सामर्थ्य मिळे व रोग त्यास बाधत नसत.

आमच्या पाहण्यांतील एका बैठकींत एका मुलाच्या पॅलाडिनानें निरपराध खेडुतांस लपविलें आणि त्यांस मारावयास आलेल्या शिपायांस "येथें कोणी नाहीं" असें सांगितलें. पंचानें तत्काळ निकाल दिला, "तूं खोटें बोललास, तुझें पद कायमचें गेलें." मुलगा आपले फासे गोळा करून उठून गेला. चूक कोणाची?

आमच्या मतें पंचाची. जुना नियमच पाहा. जाणूनबुजून बेशिस्तीचें कृत्य घडल्यास वरिष्ठ धर्मगुरूपाशीं कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावें. जाणूनबुजून व स्वेच्छेनें दुष्ट कृत्य केल्यास मात्र पद कायमचें जावें. अशा दोन पायऱ्या नियमानेंच केल्या आहेत. परक्याचा जीव वाचविण्यासाठीं बोललेलें असत्य फार तर पहिल्या पायरीवर बसेल. त्यास दुसरीची शिक्षा देणें म्हणजे कडक न्याय नव्हे, तर कच्चें वाचन होय. पुढें २००० सालच्या आवृत्तींत पतितास प्रायश्चित्ताच्या मंत्रानें परत येण्याची वाट मिळाली. २०१४ सालच्या ग्रंथांत तर व्रत मोडणाऱ्यानें रात्रभर प्रार्थना किंवा उपवास करावा असें सुचविलें असून, ज्यास पश्चात्तापच नाहीं त्याचा वर्ग काढून घेण्याचा विचार पंचाकडे सोपविला आहे.

कोणी म्हणतील, व्रतभंगास शिक्षा नसेल तर व्रताची किंमत ती काय? हा आक्षेप खरा आहे. फुकट मिळालेल्या सामर्थ्यास मोल नसतें, म्हणून शिक्षा असलीच पाहिजे. परंतु ती आधीं ठाऊक असली पाहिजे. पंचानें खेळापूर्वीं व्रताचा अर्थ सर्वांसमक्ष ठरवावा, आणि पाऊल चुकत असतां "याचा परिणाम असा होईल" म्हणून एकवार बजावावें. नियम हा कुंपणासारखा दिसावा. गवताखालीं झांकलेला खड्डा असूं नये. उलटपक्षीं, पॅलाडिन घेणाऱ्या मुलानेंही आपलें व्रत सोबत्यांच्या डोक्यावर काठीसारखें उगारूं नये. व्रत ज्याचें त्यानें पाळावयाचें असतें.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलें असा वाद घालीत बसलीं असतां त्यांस उठवूं नये. कृत्य आणि हेतु, अपराध आणि प्रायश्चित्त यांचा भेद तीं तेथें आपण होऊन शोधीत असतात. आणि विद्यार्थ्यांनो, जो मित्र उठून गेला त्यास परत बोलावा. नियमाचा अर्थ त्याच्यासह पुन्हां वाचा, आणि निकाल चुकला असेल तर पंचानेंही तसें मोकळेपणें कबूल करावें. प्रायश्चित्त काय तें पॅलाडिनापुरतेंच नाहीं.