पडद्यावरचे दुःख आणि मुलीचा होकार

वसतिगृहातील मुलींना अत्याचारावरील माहितीपट दाखवावेत काय, हा विषय निघाला की काही सहकारी बंधुभगिनींचे उत्तर ठरलेले असते : कोवळ्या मनावर आघात होईल. आम्हांस हे मान्य नाही. आपल्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींनी बालविवाह, जातीवरून दिलेली शिवी, आईला झालेली मारहाण हे सारे घरादारातच पाहिलेले असते. त्यांच्यापासून लपवावे असे फारसे उरलेले नसते.

मात्र जे दाखवायचे ते पारखून दाखवावे. निशा पाहुजा यांचा २०२२ सालचा 'टू किल अ टायगर' घ्या. झारखंडातील एका खेड्यात तेरा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. त्यांच्यापैकीच एकाशी तिचे लग्न लावून प्रकरण मिटवावे, असा गावाचा आग्रह. शेतकरी बाप हटला नाही. तिघांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ऑस्कर नामांकनाचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण आम्हांस मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. मुलीचा चेहरा झाकण्याचे आधी योजिले होते. अठरा वर्षांची झाल्यावर तिने चित्रण पाहिले आणि चेहरा दाखवण्याचा निर्णय स्वतः घेतला.

'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट बुंदेलखंडातील 'खबर लहरिया'च्या दलित महिला पत्रकारांवरचा. त्यालाही ऑस्कर नामांकन लाभले. पण २०२२ मध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, या संस्थेनेच निवेदन काढून पडद्यावरची आपली कहाणी अपुरी असल्याचे सांगितले. कोणी याला कृतघ्नपणा म्हणेल. बहिष्कृतांची बाजू मांडण्यास त्यांचे स्वतःचे पत्र हवे म्हणून १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, हे जाणणाऱ्याने तरी तसे म्हणू नये.

इतिहास शिकवताना आम्ही मुक्ता साळवेपाशी हमखास थांबतो. फुले दांपत्याच्या शाळेतील या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. दुःख तिच्या समाजाचे होते आणि लेखणीही तिचीच.

म्हणून माहितीपट संपला की आम्ही दिवे लावतो आणि मुलींना कोरे कागद वाटतो. गेल्या वर्षी झारखंडच्या त्या चित्रपटानंतर नववीतील एकीने लिहिण्याऐवजी उभे राहून विचारले, "सर, अठराव्या वर्षी तिनं हो म्हटलं. पण शूटिंग चालू होतं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तेव्हा तिला नाही म्हणता आलं असतं का?"

आम्हांस पटकन उत्तर देता आले नाही. जेवणाची घंटा झाली, तरी मुलींचा वाद चालूच होता.