शिकण्याचे तास कोणाच्या खात्यावर?

परिचारिकेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण व्हावे आणि त्यासाठी तिने मधल्या काळात घेतलेल्या शिक्षणाचा पुरावा सादर करावा, ही अट आता सर्वपरिचित झाली आहे. भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांचे प्रमाण ठरविले आहे. परिचारिकांच्या सभांतून या अटीविरुद्ध संताप व्यक्त होतो आणि चळवळीतील काही कार्यकर्तेही ‘ही अटच रद्द करा’ अशी घोषणा सहजपणे उचलतात. संताप समजण्यासारखा आहे. पण घोषणा चुकीची आहे.

गरिबाला निष्णात सेवा मिळावी हा समाजवादी विचाराचा जुना आग्रह आहे. श्रीमंत माणूस डॉक्टर निवडू शकतो, रुग्णालय बदलू शकतो. किन्हीराजाच्या शेतमजूर बाईला तशी मुभा नाही. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, तर पहिली काही मिनिटे जिच्या हाती असतात, ती परिचारिका किंवा प्रसाविकाच असते. औषधांच्या मात्रा बदलतात, लसींची वेळापत्रके बदलतात, नवजात अर्भकाला श्वास देण्याच्या पद्धती सुधारतात. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्यावर आजचे काम भागवावे, असे म्हणणाराने ते त्या बाईच्या तोंडावर म्हणून दाखवावे. नोंदणीची पद्धतच मुळी रुग्णाच्या रक्षणासाठी जन्माला आली. न्यूझीलंडने १९०१ साली आणि ब्रिटनने १९१९ साली परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे केले, तेव्हा परिचारिकांमधील लढाऊ स्त्रियाच त्यासाठी झगडल्या होत्या.

तेव्हा प्रश्न अटीचा नाही, तिच्या खर्चाचा आहे. दीडशे तास म्हणजे वर्षाला तीस तास, दिवसाला सहा तास धरले तर पाच दिवस. एवढे पाच दिवस हे श्रम आहेत की हौस, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. येथून मुंबईचे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे कार्यालय पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अर्ज संगणकावरून होतो हे खरे. शिक्षण मात्र तेवढ्या सहजतेने गावापर्यंत पोहोचत नाही. कार्यशाळा व परिषदा भरतात त्या मोठ्या शहरांत, मोठ्या रुग्णालयांच्या आणि महाविद्यालयांच्या सभागृहांत. मुंबई-पुण्यातील परिचारिका पाळी संपवून तेथे जाऊ शकते. उपकेंद्रावरच्या परिचारिकेला नागपूर वा अकोला गाठायचे, तर रजा टाकावी लागते, प्रवासाचे पैसे पदरचे घालावे लागतात आणि घरातील लहान मूल कोणाकडे तरी सोपवावे लागते. शिवाय पाच हजार लोकसंख्येमागे एक, या प्रमाणाने उभारलेल्या उपकेंद्रात ती गेली की मागे काम पाहणारे कोण? त्या दिवशी लसीकरणाचे सत्र असेल, तर ते पुढे ढकलले जाते. म्हणजे परिचारिकेच्या शिक्षणाची किंमत अखेर गावातली बालके मोजतात.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकेची स्थिती याहून बिकट. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सेवेत कायम होण्यासाठी संप केला. ज्या नोकरीची पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, तिच्यासाठी पाच वर्षांच्या शिक्षणाचे नियोजन करा, असे तिला सांगण्यात एक विलक्षण निर्लज्जपणा आहे.

जेथे गरज सक्तीची आणि सोय अपुरी, तेथे बाजार उभा राहतोच. शुल्क भरावे, सही करावी, दुपारचे जेवण घ्यावे आणि प्रमाणपत्र घेऊन परतावे, अशा कार्यक्रमांनी कोणाचे ज्ञान वाढते, हे आयोजकच जाणोत. या व्यवहारात परिचारिकेला दोषी ठरविणे सोपे आहे. तिने विकत घेतलेली वस्तू प्रमाणपत्र असते, कारण तिच्याकडे मागितले जाते ते प्रमाणपत्रच.

जबाबदारीच्या वेळी मात्र व्यवस्थेला परिचारिका नेमकी आठवते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. त्यानंतरच्या कारवाईत कंत्राटी परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीनंतर एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांनाही अटक झाली. कोणाचा दोष किती, हे न्यायालयाने ठरवावे. पण आग लागल्यास अतिदक्षता विभागातील रुग्ण कसे हलवावेत, याचा सराव कोणी, केव्हा, कोणाच्या वेळेत करून घ्यायचा असतो? सक्षमता ही परिचारिकेच्या पर्समध्ये ठेवण्याची खासगी चीज नाही. रुग्णालयाने ती राखायची असते.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून लागू असलेल्या पद्धतीत दर तीन वर्षांनी पस्तीस तासांचे शिक्षण दाखवावे लागते. पण त्याबरोबर प्रत्यक्ष कामाचे ४५० तास मोजले जातात आणि आपल्या अनुभवावर लिहिलेली टिपणेही ग्राह्य धरली जातात. ती व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. रुग्णाच्या खाटेजवळ मिळालेले ज्ञान हेही ज्ञान असते, एवढे तिने मान्य केले आहे. येथे तर शासन स्वतःच प्रसूतिसेवेचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण देते, नवजात शिशू सुरक्षेचे देते. त्यांचे तास संबंधित परिचारिकेच्या खात्यावर आपोआप चढले पाहिजेत. कागदपत्रे गोळा करीत फिरण्याचे काम तिचे नव्हे.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांच्या नजरेतून सुटू नये. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेत राज्य परिषदांनी निवडून दिलेल्या परिचारिकांना जागा होती. तिच्या जागी आयोग आणणाऱ्या २०२३ च्या कायद्यात भर आहे तो नेमणुकांवर. उद्याचे तास, शुल्क आणि कसोट्या ठरविणाऱ्या मंडळावर उपकेंद्रातली प्रसाविका कोठे बसणार, हा प्रश्न विधिमंडळात आणि रस्त्यावर दोन्हीकडे विचारावा लागेल.

वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला परवानगी मिळाली. जिल्ह्यातील परिचारिकांचे शिक्षण त्या आवारात, शासनाच्या खर्चाने व्हावे, त्या पाच दिवसांची नोंद कर्तव्यावर असल्याची व्हावी, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही ते लागू असावे, आणि ती गेलेली असताना उपकेंद्र उघडे राहील एवढी रजा राखीव पदे जिल्हा परिषदेने भरावीत. जिल्ह्यातील परिचारिकांच्या संघटनांनी आणि पक्षाच्या शाखांनी जिल्हा परिषदेसमोर प्रथम मांडायची मागणी ती हीच. अर्थसंकल्पाची आकडेमोड सुरू होण्याआधी.